फोन आणि लॅपटॉपसाठी सुरक्षित ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम): कुणी कुठली घ्यावी?

मामेभाऊ सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशेब बघतो. "सगळं सेफ करून टाकायचंय, कुठली ओएस टाकू?" म्हणाला. मी विचारलं, यूपीआय आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरशिवाय तुझे किती दिवस निघतील? "एक पण नाही." निम्मी निवड तिथंच झाली.

आधी फोन. लिनिएजओएस आणि ग्राफीनओएस, दोन्ही अँड्रॉइडवर बेतलेल्या, दोन्ही फुकट. म्हणून लोक दोन्हींना एकाच मापात मोजतात, आणि तिथंच फसतात. लिनिएज आली २०१६च्या डिसेंबरात, सायनोजनमॉड ही तिची पूर्वज बंद पडल्यावर. कंपनीनं वाऱ्यावर सोडलेल्या फोनला नवं अँड्रॉइड मिळतं, हा तिचा मोठा गुण. पण बहुतेक फोनवर ती टाकल्यावर बूटलोडर (फोन चालू होताना ओएस सुरू करणारा भाग) उघडाच ठेवावा लागतो. घराला रंग दिला, कडी लावायची राहिली! चिपच्या फर्मवेअरचे, म्हणजे तिच्या आतल्या सॉफ्टवेअरचे अपडेट कंपनीनं थांबवले असतील तर तेही लिनिएज कुठून आणणार? जुना फोन जगवायला उत्तम, सुरक्षेसाठी मी सुचवणार नाही.

ग्राफीनमध्ये बूटलोडर पुन्हा बंद करता येतो. १८ तास फोन कुणी उघडला नाही तर तो आपोआप रीस्टार्ट होतो, म्हणजे डेटा उघडणाऱ्या, मेमरीत राहिलेल्या किल्ल्या जातात. गुगल प्ले हवं तर घ्या, पण ते इतर ॲपसारखंच कुंपणात राहतं. कुणी दमदाटी करून पिन मागितला तर द्यायला वेगळा पिन ठेवता येतो. तो टाकला की फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. (घरात लहान मुलं असतील तर हा पिन वाढदिवसाची तारीख ठेवू नका.)

अट एकच, फोन गुगलचा पिक्सेल हवा. पिक्सेल ८पासून पुढच्यांना ७ वर्षं अपडेट मिळतात, ६ आणि ७ला ५ वर्षं. नवी पेठेत जुना घेणार असाल तर पैसे मोजण्याआधी काउंटरवरच सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर ऑप्शन उघडा आणि 'ओईएम अनलॉकिंग'चं बटण सरकतं का बघा; ते सरकल्याशिवाय ग्राफीन टाकताच येत नाही. फोनला नेट चालू ठेवून बघा. तरीही करडंच राहिलं तर तो बहुधा परदेशातल्या एखाद्या मोबाइल कंपनीनं कुलूप लावलेला पीस आहे. स्वस्त असला तरी ठेवा परत.

बँकेची काही ॲप ग्राफीनवर बिनबोभाट चालतात, काही गुगलच्या प्ले इंटिग्रिटी तपासणीत (फोनची ओएस गुगलमान्य आहे का, ही तपासणी) अडकतात. आज चाललेलं ॲप उद्याच्या अपडेटनंतर चालेलच असंही नाही. म्हणून बँकेसाठी आधीचा फोन ठेवा, विकू नका.

लॅपटॉपला क्यूब्स हे नाव सगळ्यात आधी निघतं. झेन या सॉफ्टवेअरवर प्रत्येक काम वेगळ्या आभासी मशीनमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या वेगळ्या संगणकात: बँक एकीकडे, अनोळखी पीडीएफ दुसरीकडे, खिडक्यांना वेगवेगळ्या रंगाच्या चौकटी. कल्पना झकास. पण रॅम १६ जीबी हवी. माझ्या ८ जीबीच्या मशीनवर तिसरी खिडकी उघडेपर्यंत चहा गार झाला. कॉपी-पेस्ट करायलाही एका मशीनमधून दुसऱ्यात जाताना दोनदा बटणं दाबावी लागतात. ज्याच्या मागे खरोखर कुणी लागलंय, त्यानं हे सोसावं.

टेल्स पेनड्राइव्हवरून चालते, सगळं नेट टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्यातून जातं, बंद केली की मशीनवर मागमूस राहत नाही. पत्रकाराला सोन्यासारखी, हिशेबनिसाला निरुपयोगी. १९९५मध्ये सुरू झालेली ओपनबीएसडी मला मनापासून आवडते, पण तिच्यात ब्लूटूथच नाही. मामेभावाचे कानातले वायरलेस इअरफोन लगेच बंद.

त्याला फेडोरा ही लिनक्स लावून दिली. एसईलिनक्स हे प्रत्येक प्रोग्रॅमला मर्यादेत ठेवणारं कुंपण मुळातच चालू असतं, डिस्क एन्क्रिप्शन बसवतानाच निवडता येतं, मराठी कीबोर्डही मिळतो. टॅलीसाठी आत आभासी मशीनमध्ये विंडोज, नेट तोडलेलं. बॅकअप बाहेर काढायला एक सामायिक फोल्डर. ग्राफीनचा पिक्सेल खिशात, यूपीआयचा जुना फोन ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. चलन छापायचा प्रिंटर सापडत नव्हता.