संशोधनाची सूत्रे कोणाकडे असावीत: विद्यापीठाकडे की समुदायाकडे?

अल्पसंख्याक समुदायांमधील आरोग्यविषमता कमी करण्यासाठी संशोधन-कार्यक्रम उभारताना सर्वप्रथम रचना ठरवावी लागते. विद्यापीठकेंद्री रचनेत प्रश्न, कर्मचारी, निधी आणि माहिती हे सारे मुख्य संशोधकाच्या अखत्यारीत असते. समुदायातील संस्था सहभागींची नावनोंदणी करून देण्यापुरत्याच असतात. भागीदारीच्या रचनेत संशोधनाचा प्रश्न ठरवण्यापासून निष्कर्ष जाहीर करण्यापर्यंत समुदायाच्या प्रतिनिधींना निर्णयाचा अधिकार असतो.

वेळ आणि हिशेब या दोन बाबतींत विद्यापीठकेंद्री रचना सरस आहे, हे मान्य केले पाहिजे. तिथे लेखा विभाग आणि नीतिमत्ता समिती आधीपासूनच असते. भागीदारीत मात्र सुरुवातीचे कित्येक महिने बैठका आणि करारांतच जातात. शिवाय अनुदानाची रक्कम अनेकदा खर्च झाल्यानंतर हाती येते. विद्यापीठ तोवर थांबू शकते, पण दोन-तीन कर्मचाऱ्यांच्या संस्थेला तेवढ्यात पगार थकवावे लागतात. म्हणून भागीदारी स्वीकारायची असेल, तर आगाऊ हप्त्याची तरतूद विद्यापीठ आणि समुदायातील संस्था यांच्यातील उपकरारातच करून घ्यावी.

विश्वासाच्या बाबतीत मात्र पारडे फिरते. अमेरिकेत टस्कीगी येथे 1932 ते 1972 या काळात सिफिलिस झालेल्या 399 कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना केवळ निरीक्षणाखाली ठेवण्यात आले. पेनिसिलिन सर्वमान्य उपचार ठरल्यानंतरही ते त्यांना देण्यात आले नाही. ज्या समुदायांच्या स्मृतीत असे अनुभव आहेत, तिथे नावनोंदणी रखडली की त्याचा दोष लोकांच्या अनास्थेवर ढकलणे मला अन्यायाचे वाटते.

याउलट 2018 मध्ये प्रसिद्ध झालेली लॉस एंजेलिस परिसरातील चाचणी पाहावी. उच्च रक्तदाब असलेले 319 कृष्णवर्णीय पुरुष 52 केशकर्तनालयांतून निवडले गेले. एका गटाला ओळखीच्या केशकर्तनकाराच्या दुकानातच औषधनिर्माणतज्ज्ञ भेटत, रक्तदाब मोजत आणि डॉक्टरांशी झालेल्या करारानुसार औषधे ठरवत. दुसऱ्या गटाला केशकर्तनकार जीवनशैली सुधारण्याचा आणि डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह करत. सहा महिन्यांत वरचा रक्तदाब पहिल्या गटात सरासरी 27, तर दुसऱ्यात 9.3 अंकांनी उतरला. ही चाचणी संशोधकांनीच आखली होती, त्यामुळे ती निखळ भागीदारीचे उदाहरण नव्हे. पण उपचाराची जागा आणि त्याआधीचे नाते समुदायाचे होते, आणि हे महत्त्वाचे आहे.

सर्वांत अधिक काळजी घ्यावी ती रक्तासारख्या नमुन्यांबाबत. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील हवासुपाई या मूळनिवासी जमातीने 1990 पासून मधुमेहाच्या संशोधनासाठी म्हणून रक्त दिले. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनिया आणि पूर्वजांच्या स्थलांतराविषयीही संशोधन झाले. संमतीपत्राची भाषा मोघम होती. 2010 मध्ये हे संशोधन करणाऱ्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने 7 लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि नमुने परत केले. नावाहो राष्ट्राने (अमेरिकेतील आणखी एका मूळनिवासी समुदायाच्या स्वशासनाने) तर 2002 मध्येच आपल्या हद्दीत जनुकीय संशोधनाला स्थगिती दिली होती. विद्यापीठकेंद्री रचनेत असा वापर रोखण्याची जबाबदारी नीतिमत्ता समितीवर येते, पण समुदायाच्या प्रतिष्ठेला बसणारा धक्का तिच्या नजरेतून सहज निसटतो, कारण ती प्रामुख्याने व्यक्तीच्या संमतीचा विचार करते.

तेव्हा आधीच जमा असलेल्या, ओळख पुसलेल्या नोंदींचे विश्लेषण एवढेच काम असेल आणि मुदत कमी असेल, तर विद्यापीठकेंद्री रचना पुरेशी आहे. निष्कर्ष जाहीर होण्याआधी ते समुदायापुढे ठेवावेत, एवढे बंधन घालावे. नवे नमुने घ्यायचे असतील किंवा लोकांनी वर्षानुवर्षे तपासणीला येणे अपेक्षित असेल, तर भागीदारीच निवडावी, मग पहिले वर्ष तयारीत गेले तरी चालेल. मात्र केवळ नावापुरती सल्लागार समिती नेमून तिला भागीदारी म्हणू नये. अंदाजपत्रकात समुदायाच्या संस्थेचा वाटा किती, आणि नमुन्यांच्या पुढील वापराला नकार देण्याचा अधिकार कोणाला, ही दोन कलमे सही करण्यापूर्वी वाचली की कागदावरची रचना नेमकी कोणती आहे ते कळते.