खातं बंद झालं, गिफ्ट कार्डाचे पैसे अडकले: आधी कुठलं दार ठोठवायचं?

गेल्या दिवाळीत माझ्या बहिणीला ऑफिसकडून पाच-पाच हजारांची दोन गिफ्ट कार्डं मिळाली, दोन्ही एकाच शॉपिंग साइटची. एक तिनं त्याच रात्री आपल्या खात्यात भरलं. दुसरं गुढीपाडव्याला वापरू म्हणून कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवून दिलं. फेब्रुवारीत कंपनीनं तिचं खातं बंद केलं. मेलमध्ये कारण एका ओळीचं: अटींचं उल्लंघन. मापात न बसलेले बरेच कपडे तिनं त्या वर्षात परत केले होते, म्हणून असेल असा आमचा अंदाज. कंपनीनं मात्र शेवटपर्यंत काही सांगितलं नाही.

कपाटातलं कार्ड आम्ही दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं, पिनवरची चंदेरी पट्टी नाण्यानं खरवडली आणि कोड बाबांच्या खात्यात टाकला. पाच हजार लगेच जमा झाले. खात्यात भरलेल्या कार्डाच्या पाच हजारांसाठी मात्र साडेतीन महिने गेले. रक्कम तीच, कंपनी तीच, फरक फक्त कोड वापरला होता की नव्हता एवढाच.

म्हणून कुणी विचारलं की मी आधी हेच विचारते: पैसे नेमके कुठल्या रूपात अडकलेत? तक्रार कुठे करायची हे त्यावरून ठरतं. चुकीच्या दारात महिना घालवला की माणूस कंटाळून सोडून देतो, आणि बहुतेकांचे पैसे तिथेच बुडतात.

पैसे कुठल्या रूपात आहेत

कोड अजून खात्यात टाकलेला नसेल तर तक्रारीच्या भानगडीत पडण्याआधी तो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या खात्यात चालतो का ते बघा. बहुतेक वेळा चालतो. परदेशातल्या भावानं तिथल्या साइटवरून घेतलेलं कार्ड असेल तर ते सहसा त्याच देशाच्या साइटवर चालतं, भारतातल्या साइटवर नाही. तेव्हा त्यालाच वापरू द्या.

कोड खात्यात भरला असेल तर शिल्लक कुणाकडे आहे ते शोधा. कार्डाच्या मागे किंवा कार्डाच्या मेलमध्ये सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, कार्ड कुणी जारी केलं त्या कंपनीचं नाव असतं. ती ओळ चष्मा लावून वाचा. अनेक साइटची कार्डं साइट स्वतः काढतच नाही. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली वेगळी कंपनी काढते. क्विकसिल्व्हर हे त्यातलं जुनं नाव, २०१९ मध्ये ती पाइन लॅब्सनं घेतली. अशी परवानाधारक कंपनी असेल तर तुमच्या हातात जास्त हत्यारं आहेत. एखाद्या दुकानानं फक्त स्वतःच्याच मालासाठी स्वतः काढलेलं कार्ड असेल, तर ते रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही, आणि तिच्या लोकपालाकडे, म्हणजे बँका आणि अशा परवानाधारक कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाऊन उपयोग होत नाही.

तिसरा प्रकार कॅशबॅक आणि पॉइंट्सचा. ते बहुतेक वेळा अटींप्रमाणे कंपनीनं दिलेली सवलत असते, तुम्ही भरलेले पैसे नसतात. त्यासाठी भांडू नका असं मी म्हणणार नाही, पण गिफ्ट कार्डाच्या तक्रारीत ते मिसळू नका. भक्कम मागणी त्यानं पातळ होते.

कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी की कस्टमर केअर?

इथे माझं मत ठाम आहे. कस्टमर केअरच्या चॅटवर एकदा बोला, त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि थांबा. तिथल्या मुलांना बंद खातं उघडायचा अधिकार नसतो. ती बिचारी तेच उत्तर पुन्हा पुन्हा पाठवतात आणि आपला दिवस जातो.

२०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार प्रत्येक साइटला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव-संपर्क साइटवर द्यावा लागतो. त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. मेल त्यालाच करा. बहिणीच्या पहिल्या मेलमध्ये तिनं खातं पुन्हा सुरू करा म्हणून दोन पानं लिहिली होती. दुसरा मेल आम्ही असा लिहिला: "माझं खातं बंद ठेवायचं की नाही हा आपला निर्णय. पण त्या खात्यात अमुक क्रमांकाच्या गिफ्ट कार्डाचे ५,००० रुपये वापराविना शिल्लक आहेत. ते नवीन कोडच्या रूपात किंवा ज्या खात्यातून कार्ड भरलं गेलं त्या मूळ खात्यात परत द्यावेत, अन्यथा कुठल्या अटीनुसार रोखले ते लेखी कळवावं." खातं आणि पैसे ही दोन भांडणं वेगळी केली, तेव्हाच पहिल्यांदा माणसानं लिहिलेलं उत्तर आलं.

कार्ड जारी करणारी कंपनी

लोक या दाराकडे बघतच नाहीत, आणि मला ते सगळ्यात उपयोगी वाटतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या प्रीपेड साधनांविषयीच्या (म्हणजे आधी पैसे भरून ठेवलेली कार्डं, वॉलेट वगैरे) मुख्य निर्देशांत गिफ्ट कार्डासाठी वेगळे नियम आहेत. एका कार्डाची मर्यादा १०,००० रुपये. त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत, रोख काढता येत नाही, दुसऱ्याकडे वळवताही येत नाहीत. मात्र कार्डधारकाच्या संमतीनं पैसे मूळ खात्यात, म्हणजे ज्या खात्यातून कार्ड भरलं गेलं तिथे, परत पाठवता येतात. मेल लिहिताना हाच मुद्दा धरा.

यात एक खोच आहे. कार्ड तुम्ही स्वतः विकत घेतलं असेल तर मूळ खातं तुमचंच, मग हा रस्ता सरळ. पण ऑफिसनं किंवा मामानं दिलेलं असेल तर पैसे त्यांच्या खात्यात जाणार. मामाकडून मागून घेता येतात. ऑफिसच्या अकाउंट्स विभागाकडून पाच हजार परत मिळवणं हे आणखी एक काम होऊन बसतं. म्हणून बहिणीच्या बाबतीत आम्ही नवीन कोडवर जोर दिला.

मुदत संपली म्हणून पैसे गेले असं कुणी सांगितलं तर लगेच मान्य करू नका. या निर्देशांनुसार मुदत किमान एक वर्षाची असते. ती संपल्यावरही उरलेली रक्कम कंपनीला तीन वर्षं आपल्या नफ्यात घेता येत नाही, आणि धारकानं मागितली तर त्याच्या बँक खात्यात द्यावी लागते. अशा कंपनीनं तक्रार शक्यतो ४८ तासांत आणि जास्तीत जास्त ३० दिवसांत सोडवायची असते.

१९१५ हेल्पलाइन आणि रिझर्व्ह बँकेचा लोकपाल

दोन्ही फुकट आहेत, दोन्ही घरबसल्या होतात, म्हणून लोक त्यांना एकच समजतात. कामाची रीत पूर्ण वेगळी आहे.

१९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फोनवर मराठीत बोलता येतं, व्हॉट्सॲपवर किंवा पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. ते तुमची तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि पाठपुरावा करतात. निकाल देण्याचा अधिकार त्यांना नाही. तरी मोठ्या कंपन्यांत हेल्पलाइनवरून आलेल्या तक्रारी बघायला वेगळी माणसं बसवलेली असतात, आणि माझ्या अनुभवात दोन-तीन हजारांपर्यंतची प्रकरणं बहुतेक इथेच मिटतात. कार्ड दुकानानं स्वतः काढलेलं असो वा परवानाधारक कंपनीनं, हे दार दोघांनाही चालतं.

लोकपालाची एकात्मिक योजना १२ नोव्हेंबर २०२१ ला सुरू झाली. तिथे आदेश होऊ शकतो, ही मोठी गोष्ट. पण तक्रार परवानाधारक कंपनीविरुद्धच हवी, साइटविरुद्ध चालत नाही. आधी त्या कंपनीला लेखी कळवलेलं हवं आणि एकतर तिनं नकार दिलेला हवा, किंवा ३० दिवस उत्तराविना किंवा समाधानाविना गेलेले हवेत. ही पायरी गाळलेले अर्ज परत येतात. म्हणून दोन्ही मेल पहिल्याच दिवशी पाठवा, एक साइटच्या अधिकाऱ्याला, एक कार्डवाल्या कंपनीला. ३० दिवस दोन्हीकडे एकदमच मोजले जातील. मधल्या काळात १९१५ ला फोन करा. एक मात्र लक्षात ठेवा: प्रकरण ग्राहक आयोगात किंवा कोर्टात गेलं की त्याच विषयावर लोकपाल ऐकत नाही, तेव्हा हे दार आधी, आयोग नंतर.

जिल्हा ग्राहक आयोग: किती रकमेसाठी?

पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लागत नाही. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस बेंगळुरूत असलं तरी. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि अर्ज ई-जागृती पोर्टलवरून भरता येतो. भेट मिळालेल्या माणसानं पैसे भरलेले नसतात हा आक्षेप येऊ शकतो. पण पैसे भरणाऱ्याच्या संमतीनं सेवा घेणाराही कायद्यात ग्राहकच धरला जातो, त्यामुळे घाबरू नका.

तरीही हजार-दीड हजारासाठी मी आयोगात जायला सांगणार नाही. कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस आणि वर फार तर १५ मिळतात. कायद्यात तीन महिन्यांत निकाल अपेक्षित आहे, प्रत्यक्षात तारखा लांबतात. दहा हजार किंवा जास्त रक्कम असेल, किंवा कंपनी लेखी कारणच देत नसेल, तर मात्र जरूर जा.

अर्जात शब्द जपून वापरा. सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारं कलम २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित करारात मोडतं. हे वाचून बरेच जण त्यावरच अर्ज बेततात. पण अनुचित कराराच्या तक्रारी राज्य आयोगाकडे जातात. जिल्ह्यात सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा म्हणून मांडा: पैसे घेतले, सेवा दिली नाही, शिल्लकही परत केली नाही. मुंबईत असाल तर मुंबई ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना अर्ज दाखवून घ्या. १९७५ पासून ते हेच काम करताहेत.

बँकेकडून चार्जबॅक, म्हणजे क्रेडिट कार्डावरचा व्यवहार उलटवून पैसे परत, मागायचा विचार असेल तर तो फक्त गिफ्ट कार्ड नुकतंच क्रेडिट कार्डावर घेतलं असेल आणि एक पैसाही वापरला नसेल तेव्हाच. कोड तुमच्या मेलवर पोहोचलेला असतो, म्हणजे बँकेच्या लेखी माल मिळालेला असतो. शिवाय एकाच रकमेसाठी बँकेकडेही आणि कंपनीकडेही मागणी सुरू ठेवू नका.

तुमची बाजू कुठे लंगडी पडते

समाज माध्यमावरच्या अनोळखी माणसाकडून अर्ध्या किमतीत कोड घेतला असेल, तर कार्ड चोरीच्या पैशांतून आलेलं असू शकतं आणि कंपनी ते रोखून धरेल. कार्डं गोळा करून विकायच्या मालासाठी खरेदी करत असाल, तर ग्राहक या व्याख्येतच तुम्ही बसत नाही. आणि खातं तुम्ही स्वतःच बंद केलं असेल, तर त्या पानावर शिल्लक जाईल अशी सूचना सहसा दिलेली असते. तेव्हा कार्डवाल्या कंपनीला मूळ खात्यात परत पाठवण्याची विनंती करून बघावी. आयोगात ते प्रकरण टिकणं अवघड.

बाकी सगळ्यांनी आज एवढं करावं: मेलमध्ये कार्डाचा क्रमांक, खरेदीची पावती, खातं बंद झाल्याचा मेल शोधून एका फोल्डरमध्ये ठेवा. खातं बंद झालं की आतली ऑर्डरची यादी दिसत नाही, मेल मात्र तुमच्याकडेच राहतात. बहिणीच्या शिल्लक रकमेचा एकमेव पुरावा म्हणजे दिवाळीच्या रात्री ५,००० जमा झाल्याचा साइटनं पाठवलेला मेल होता. तो तिच्या जाहिरातींच्या टॅबमध्ये तीनशे मेलखाली सापडला. १९१५ ला तोच जोडला, आणि जूनमध्ये नवीन कोड आला.