परवाना 'करंट' होता, म्हणून मी पुढे वाचलंच नाही

हे लिहायचं लिहायचं म्हणत चार-पाच महिने गेले. एक तर पैसे गेल्याचं सांगायला लाज वाटते, आणि दुसरं म्हणजे डॉक्टरचा परवाना न बघता फसलो असतो तर निदान "माहीत नव्हतं हो" म्हणता आलं असतं, पण मी बघून फसलोय. साइटवर गेलो, नाव टाकलं, रेकॉर्ड उघडलं आणि पहिली ओळ वाचून बंद केलं. तेवढ्या भरवशावर नऊ हजार डॉलर भरले आणि आईचा गुडघा होता त्याहून वाईट करून घेतला.

आम्ही कॅलिफोर्नियात असतो. आई दर दोन वर्षांनी सहा महिने येते, वय ७४, दोन्ही गुडघे झिजलेले, तिकडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून ठेवलेलं आणि ती ऑपरेशनच्या नावाने जी थरथरते ते विचारू नका. मंडळाच्या कार्यक्रमात एका काकूंनी तिला सांगितलं की इकडे म्हणे स्टेम सेलचं इंजेक्शन देतात, चिरफाड नाही, काही नाही, दुसऱ्या दिवशी माणूस चालायला लागतो. झालं, आईच्या डोक्यात ते बसलं. आणि त्याच आठवड्यात पोस्टाने एक गुळगुळीत रंगीत कार्ड आलं, हॉटेलात फुकट सेमिनार, सोबत जेवण.

सेमिनारला पंचवीस-तीस म्हातारी माणसं, गोल टेबलं, जेवणात चिकन, त्यामुळे आईच्या वाट्याला पाव आणि पाला. डॉक्टर गोरा, पन्नाशीचा, पांढरा कोट घालूनच आलेला (हॉटेलात पांढरा कोट कशाला हा प्रश्न मला घरी आल्यावर पडला). पडद्यावर एक्स-रे आधीचा, एक्स-रे नंतरचा, एक आजोबा काठी टाकून नाचतायत असा व्हिडिओ. नंतर तो प्रत्येक टेबलावर फिरला, आमच्याकडे आला, हात जोडून "नमस्ते मम्मी" म्हणाला, खाली वाकून आईचा गुडघा दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघितला. आई तिथेच विरघळली. "अरे, किती सात्त्विक माणूस आहे, आपल्याकडचे डॉक्टर बघतात का असं हात लावून?"

त्याच्या मागोमाग टॅब्लेट घेऊन एक बाई आली, पेशंट को-ऑर्डिनेटर. एका गुडघ्याचे सहा हजार, पण आज ठरवलं तर साडेचार, दोन्ही गुडघ्यांचे आत्ताच भरले तरच ही सवलत. मी म्हटलं दहा मिनिटं द्या. बाहेर आलो आणि टॉयलेटच्या कॉरिडॉरमध्ये उभा राहून फोनवर राज्याच्या परवाना शोधायच्या साइटवर त्याचं नाव टाकलं. आलं ना, 'लायसन्स रिन्यूड अँड करंट', म्हणजे परवाना नूतनीकरण झालेला आणि चालू. म्हटलं चला, माणूस खरा डॉक्टर आहे. मग गुगलवरचे स्टार बघितले, पाचपैकी ४.८. आत येऊन टॅब्लेटवर सही केली, म्हणजे बोटाने स्क्रोल करत करत सात-आठ ठिकाणी केली, एका पानावर सहीच्या वर लाल ठळक अक्षरात काहीतरी होतं ते दिसलं पण वाचलं नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, दिवसभर लोकांना "लॉग नीट वाच, फक्त वरची ओळ बघू नकोस" म्हणून सांगतो.

इंजेक्शनच्या दिवशी आईने त्याच्यासाठी स्टीलच्या डब्यात बेसनाचे लाडू नेले होते. क्लिनिकमध्ये भिंतीवर एक कागद चिकटवलेला, अर्धा कुंडीतल्या झाडाआड, त्यावर लिहिलेलं की इथे दिल्या जाणाऱ्या काही स्टेम सेल उपचारांना एफडीएची (अमेरिकेचं औषधांना मंजुरी देणारं सरकारी खातं) मान्यता नाही, आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोला. ही नोटीस लावणं कॅलिफोर्नियात कायद्यानेच बंधनकारक आहे, तो कायदा २०१७ साली झाला, आणि तोच मजकूर त्यांनी दिलेल्या कागदांच्या गठ्ठ्यातही होता. म्हणजे त्यांनी सांगितलं नाही असंही म्हणायची सोय नाही. गुडघ्याच्या झिजेसाठी एफडीएने मंजूर केलेलं स्टेम सेलचं एकही औषध नाहीये, एकही, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

पहिल्या दिवशी फक्त उजवा गुडघा, डावा तीन आठवड्यांनी करू म्हणाले. तिसऱ्या रात्री आईला थंडी वाजून ताप, गुडघा सुजून भोपळा झालेला, हात लावू देईना. क्लिनिकच्या नंबरवर रेकॉर्डिंग. इमर्जन्सीत नेलं, गुडघ्यातून सिरिंजने पाणी काढलं तर ते गढूळ पिवळं, इन्फेक्शन. सांधा आतून धुवावा लागला, म्हणजे ज्या ऑपरेशन थिएटरला घाबरून हे सगळं केलं तिथेच शेवटी आई गेली. व्हिजिटर इन्शुरन्सवाल्यांनी गुडघेदुखी जुनीच म्हणून हात वर केले, ते भांडण अजून चालू आहे.

तिथल्या ऑर्थोपेडिक डॉक्टरीणबाईंनी विचारलं की आत नक्की काय टोचलं होतं. मी गठ्ठा पुढे केला, त्यात ते कुठेच धड लिहिलेलं नव्हतं. मग म्हणाल्या, त्याचं लायसन्स बघितलं होतं का? मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, हो, करंट आहे. तर त्या म्हणाल्या, "त्याच्या खालची ओळ?"

रात्री आईच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून परत तेच पान उघडलं. वर 'प्रायमरी स्टेटस', तिथे रिन्यूड अँड करंट. त्याच्या खाली 'सेकंडरी स्टेटस', तिथे एकच शब्द, प्रोबेशन, म्हणजे परवाना चालू, पण शिक्षा म्हणून अटी घालून मेडिकल बोर्डाच्या (डॉक्टरांना परवाना देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) देखरेखीखाली. फोनच्या स्क्रीनवर ती ओळ दिसायला अंगठा जेमतेम एकदा वर सरकवावा लागतो, मी तेवढाही सरकवला नव्हता. आणखी खाली 'पब्लिक रेकॉर्ड अॅक्शन्स', म्हणजे कारवाया, कोर्टाचे आदेश, गुन्हे, हॉस्पिटलने केलेली कारवाई असे सगळे कप्पे, आणि त्यातून उघडणाऱ्या पीडीएफ. त्याच्या निकालाची पीडीएफ वीस-बावीस पानांची होती. भाषा अशी की परवाना रद्द करण्यात येत आहे, मात्र रद्द करणं स्थगित ठेवून पाच वर्षं प्रोबेशन. म्हणजे फाशी सुनावली पण दोर ओढला नाही. कारण घोर निष्काळजीपणा आणि पेशंटच्या नोंदी नीट न ठेवणं, दोन बायकांच्या केसेस होत्या, नावं नाहीत, 'पेशंट ए' आणि 'पेशंट बी'. पेशंट बीचं वाचताना मला घाम फुटला, कारण तिलाही इंजेक्शननंतर ताप आला होता आणि तिचाही फोन कोणी उचलला नव्हता.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या, या पीडीएफ दोन प्रकारच्या असतात. 'अॅक्युजेशन' म्हणजे बोर्डाने केलेला नुसता आरोप, तो शाबित व्हायचा असतो, त्यावरून कोणाला बदनाम करू नका. 'डिसिजन' किंवा 'स्टिप्युलेटेड सेटलमेंट' म्हणजे निकाल लागलेला किंवा डॉक्टरने सही करून मान्य केलेला. याचा दुसऱ्या प्रकारचा होता.

आता तुम्ही म्हणाल प्रोबेशनवरच्या डॉक्टरने पेशंटला सांगायला नको का. मलाही तेच वाटलं. १ जुलै २०१९ पासून कॅलिफोर्नियात तसा कायदा आहे, या देशात असा पहिलाच, पण तो सगळ्यांना लागू नाही. लैंगिक गैरवर्तन, पेशंटला अपाय होईल अशी नशाबाजी, पेशंटशी संबंधित गुन्हा, भलतीच औषधं लिहून दिल्यामुळे झालेली इजा, अशा ठराविक प्रकारांतच आधी सांगावं लागतं. नुसता निष्काळजीपणा असेल तर पेशंटला सांगायची सक्ती नाही! गंमत म्हणजे प्रोबेशनच्या अटींमध्ये तो ज्या हॉस्पिटलात काम करतो त्यांना आणि त्याच्या इन्शुरन्स कंपनीला निकालाची प्रत द्या असं लिहिलेलं असतं. म्हणजे सगळ्यांना माहीत, ज्याच्या गुडघ्यात सुई जाणार तो सोडून.

मग मी खोदतच गेलो, झोप नव्हतीच. डॉकइन्फो म्हणून साइट आहे, सगळ्या राज्यांच्या मेडिकल बोर्डांच्या महासंघाची, फुकट. तिथे नाव टाकलं की डॉक्टरकडे कुठल्या कुठल्या राज्याचे परवाने आहेत किंवा होते आणि कुठे कारवाई झाली ते एकत्र दिसतं. या महाशयांनी दुसऱ्या एका राज्यात परवाना आधीच परत केलेला होता. आणि ते 'बोर्ड सर्टिफाइड' जे कार्डावर सोनेरी अक्षरात होतं त्याची तर वेगळीच मजा आहे. परवाना देणारं बोर्ड सरकारी, ते वेगळं, आणि स्पेशालिटीची परीक्षा घेणारी बोर्डं वेगळी. त्यातली २४ बोर्डं अमेरिकन बोर्ड ऑफ मेडिकल स्पेशालिटीज या संस्थेची सदस्य आहेत, आणि त्यात रिजनरेटिव्ह मेडिसिन, म्हणजे हे स्टेम सेलवाले ज्यात मोडतात, त्या नावाचं बोर्ड नाहीच. सर्टिफिकेशन मॅटर्स या साइटवर नाव टाकून बघता येतं, मी टाकलं, हा माणूस तिथे सापडला नाही. बोर्ड म्हटलं की आपल्याला दहावीचं बोर्ड आठवतं, एकच आणि सरकारी, तिथेच आपण गंडतो.

बरं, रेकॉर्ड कोरं असलं म्हणजे डॉक्टर चांगला का, तर तेही नाही, आणि हे मला जास्त खुपलं. पब्लिक सिटिझन ही संस्था कितीतरी वर्षं राज्यवार हिशोब काढते की दर हजार डॉक्टरांमागे वर्षाला किती गंभीर कारवाया होतात, म्हणजे परवाना रद्द, निलंबित, प्रोबेशन वगैरे. २०१७ ते २०१९ च्या हिशोबात केंटकी सगळ्यात वर होतं आणि तिथेही आकडा हजारी अडीचच्या आतच, तळाला राजधानी वॉशिंग्टन डीसी. आता केंटकीचे डॉक्टर सगळ्यात वाईट आणि डीसीचे सगळे संत असं तर नसणार ना, फरक बोर्ड किती जागं आहे त्याचा. तेव्हा हजारात एक-दोघांपर्यंत जी कारवाई पोचते त्यात आपला डॉक्टर सापडला, तर ते किरकोळ समजू नका.

हॉस्पिटलांना आपल्यापेक्षा जास्त दिसतं. १९९० पासून नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँक चालू आहे, त्यात नुकसानभरपाईचे पैसे, कारवाया सगळं जातं, आणि हॉस्पिटलला डॉक्टर घेताना आणि नंतर दर दोन वर्षांनी ती बघावीच लागते. तुम्हाआम्हाला नावानिशी बघता येत नाही. त्यातही पळवाटा आहेत, टेक्सासच्या ख्रिस्तोफर डंच या न्यूरोसर्जनला पहिल्या हॉस्पिटलने गुपचूप राजीनामा देऊ दिला, डेटा बँकेत नोंद गेलीच नाही आणि तो पुढच्या हॉस्पिटलात ऑपरेशनं करत राहिला, २०१३ मध्ये परवाना निलंबित झाला आणि २०१७ मध्ये जन्मठेप. तरी मी आता प्रत्येक डॉक्टरला विचारतो की तुम्हाला कुठल्या हॉस्पिटलात पेशंट अॅडमिट करायचे प्रिव्हिलेज, म्हणजे हॉस्पिटलने दिलेली परवानगी, आहेत, आणि मग हॉस्पिटलला फोन करून खात्री करतो. आमच्या त्या सात्त्विक माणसाला कुठेच नव्हते. बायको म्हणते तू पोलिसासारखा बोलतोस. बोलू दे.

पैशाचं सांगतो. डाव्या गुडघ्याचं इंजेक्शन दिलंच नव्हतं, त्यामुळे क्रेडिट कार्ड कंपनीकडे तक्रार केली की सेवा मिळाली नाही, त्याचे साडेचार हजार परत आले. उजव्याचे गेले. ती लाल अक्षरं होती ना, तो आर्बिट्रेशनचा करार होता, म्हणजे भांडण कोर्टाबाहेर लवादापुढे मिटवायचं, कोर्टात ज्युरीपुढे जायचा हक्क मी बोटाने स्क्रोल करत सोडून दिला होता. सही केल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी कळवून तो रद्द करता येतो, हे मला कळलं तो एक्केचाळिसावा दिवस होता. तुमच्यापैकी कोणी नुकतीच अशी सही केली असेल तर आजच कागद काढून तारीख बघा. वकिलाकडेही उशिरा जाऊ नका, इथे दावा लावायला अपाय लक्षात आल्यापासून एका वर्षाची मुदत असते, दोन वकिलांनी मला तेच पहिल्यांदा विचारलं (आणि दोघांनी केस लहान आहे म्हणून घेतली नाही). मेडिकल बोर्डाकडे तक्रार केलीय, ऑनलाइन होते, हॉस्पिटलचे कागद जोडले, पोच आली, आता तपास चालू आहे म्हणे. बोर्ड पैसे मिळवून देत नाही, तेवढी आशा ठेवून तिकडे जाऊ नका.

शोधताना एक अडचण येते ती पण सांगतो, नावाचं स्पेलिंग. लग्नाआधीचं आडनाव, मधलं नाव, आपल्या लोकांच्या नावात तर एक ए जास्त की कमी. नाव सापडलं नाही तर सरळ रिसेप्शनवर परवाना क्रमांक मागा आणि त्यावरून शोधा. आणि फोनवर नका बघू, कॉम्प्युटरवर बघा, पीडीएफ उघडून वाचा, कंटाळा आला तरी.

आई परत गेली, व्हीलचेअर घेऊन विमानात बसवलं. तिकडे फिजिओथेरपी चालू आहे, डाव्या पायावर जोर देऊन चालते. मी तिला त्या पीडीएफमधलं सगळं मराठीत वाचून दाखवलं होतं, तिने शांतपणे ऐकून घेतलं. परवा फोनवर म्हणाली, "ते जाऊ दे रे, पण माझा तो लाडवांचा डबा राहिला तिथे. त्यावर तुझ्या बाबांचं नाव कोरलेलं होतं. तेवढा आणता येतो का बघ."