विंडोजशेजारी उबंटू टाकताना तीन आठवडे गेले, तेही बायोसमधल्या एका लपवलेल्या ओळीपायी (आठ महिन्यांनंतरचा अनुभव)

परवा लॅपटॉपचं बायोस (विंडोजच्याही आधी चालू होणारं मूळ सॉफ्टवेअर, हार्डवेअरच्या सेटिंग्ज त्यात असतात) अपडेट झालं आणि रीस्टार्ट केल्यावर तो सरळ विंडोजमध्ये गेला, उबंटू की विंडोज असं विचारणारा मेनूच नाही. पोरीला दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल सबमिट करायचं होतं, तिचा चेहरा उतरला. पाच मिनिटांत नीट करून दिलं. पण आठ महिन्यांपूर्वी याच लॅपटॉपने मला तीन आठवडे रडवलं होतं, ते सगळं आठवलं आणि म्हटलं आता लिहूनच काढतो, कुणाचे तरी पैसे वाचतील.

लॅपटॉप असा: इंटेलचा ११व्या जनरेशनचा आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी (डिस्क), विंडोज ११ होम आधीपासून टाकलेलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, सर्व्हिसवाल्या पोरांच्या नोकऱ्या असतात.

मी नाशिकला सिडकोत राहतो, घरूनच छोट्या दुकानदारांचं अकाउंटचं काम करतो. टॅली विंडोजवर चालतं, म्हणून विंडोज काढायचा प्रश्नच नव्हता. पोरगी इंजिनीअरिंगला, तिला लिनक्स पाहिजे होतं. तिच्यासाठी वेगळा लॅपटॉप घ्यायचा तर चाळीस हजार, आणि इथे ५१२ पैकी अर्ध्याहून जास्त डिस्क रिकामी पडलेली. म्हटलं दोन्ही यातच बसवू. लिनक्सपैकी उबंटू २४.०४ घेतलं, एप्रिल २०२४ ला आलेलं एलटीएस, म्हणजे जास्त वर्षं अपडेट मिळणारं व्हर्जन आहे, २०२९ पर्यंत अपडेट मिळतात, म्हणजे तिचं कॉलेज संपेपर्यंत परत हात लावायला नको. त्याची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची फाईल, सहा जीबीच्या आसपास आहे, ४ चा पेन ड्राइव्ह चालत नाही, ८ चा लागतो. रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने इन्स्टॉलचा पेन ड्राइव्ह बनवला, त्यावरून उबंटू मस्त चालू झालं, वायफाय, आवाज, टचपॅड सगळं ठीक. इन्स्टॉलवर गेलो आणि तिथेच गाडी अडली. म्हणे या कॉम्प्युटरवर इंटेलचं आरएसटी (डिस्क सांभाळणारी इंटेलची व्यवस्था) चालू आहे, ते बंद करा मगच पुढे जाता येईल.

एफ२ दाबून बायोस उघडलं. एकेक टॅब बघितला, एकेक ओळ वाचली. आरएसटी नाही, साटा मोड नाही, एएचसीआय नाही, डिस्कच्या सेटिंगचं काही म्हणजे काही नाही. माहिती शोधली तर सगळीकडे तेच लिहिलेलं की बायोसमध्ये जाऊन बंद करा. अहो पण ती ओळ असली पाहिजे ना! तीन संध्याकाळी मी आणि पोरगी तेच चार टॅब बघत बसलो होतो, जेवण थंड होत होतं, बायको ओरडत होती.

हेल्पलाइनला फोन केला. चाळीस मिनिटं होल्डवर ठेवून सांगितलं की या मॉडेलवर दुसरी ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) सपोर्टेड नाही. मी म्हटलं सपोर्ट नको, फक्त तो पर्याय कुठे आहे तेवढं सांगा. तर म्हणे सर्व्हिस सेंटरला दाखवा. मग सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेल्या रस्त्यांतून स्कूटरवर लॅपटॉप पाठीला लावून सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या मुलाने त्यांचा विंडोजचा पेन ड्राइव्ह लावला, त्यात डिस्क दिसली नाही, लगेच निकाल: "सर, एसएसडी जायला आलीय, साडेसहा हजार होतील." मी विचारलं, दादा, याच एसएसडीवरून विंडोज रोज सकाळी चालू होतंय, मग ती जायला आली कशी? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तपासणीचे ५०० मात्र मागितले. मी लॅपटॉप उचलून घरी आणला. तो दिवस असा होता की हा लॅपटॉप विकून टाकावा असंच मनात होतं, आणि त्या रात्री लिहिलं असतं तर एकच स्टार दिला असता.

मार्ग सापडला तो शेजारच्या मुलाकडून. तो अंबडला एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो. रविवारी सकाळी मिसळ खायला आला होता, सहज त्याला सांगितलं. त्याने तर्रीचा हात धुतला, लॅपटॉप घेतला, एफ२ ने बायोस उघडलं, मेन टॅबवर गेला आणि कंट्रोल आणि एस एकदम दाबलं. आणि काका हे बघा म्हणाला. खाली एक नवीन ओळ आली होती, व्हीएमडी कंट्रोलर, एनेबल्ड. तीन आठवडे आम्ही जिथे बघत होतो त्याच टॅबवर!

मला याचा इतका राग आला की आजही जात नाही. हे व्हीएमडी प्रकरण असं आहे की लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये इंटेलने ते ११व्या जनरेशनपासून दिलं, डिस्क या कंट्रोलरच्या मागे बसते आणि तिच्याशी बोलायला आरएसटीचा ड्रायव्हर लागतो. दोन-तीन डिस्क जोडून रेड करायचं, म्हणजे त्या एकत्र एकच डिस्क म्हणून वापरायच्या असतील तर त्याचा उपयोग. माझ्या लॅपटॉपमध्ये डिस्क एकच! म्हणजे मला उपयोग शून्य आणि ते बंद करायचं बटण मात्र झाकून ठेवलेलं. सर्व्हिस सेंटरच्या पेन ड्राइव्हला डिस्क दिसली नाही त्याचं कारणही हेच, त्यात तो ड्रायव्हर नव्हता. डिस्क ठणठणीत होती. मी नडलो नसतो तर साडेसहा हजार गेले असते. पूर्ण पैसे देऊन घेतलेल्या वस्तूमधली एक सेटिंग मालकालाच दिसू नये, आणि विचारल्यावर त्यांच्याच हेल्पलाइनला माहीत नसावी, हे मला पटत नाही. स्क्रीन थोडी फिकी आहे, स्पीकर बारीक आवाजाचे आहेत, ते सगळं मी सोडून देईन, ही ओळ सोडणार नाही.

आता पुढची चूक माझी, ती करू नका. त्या मुलाने सांगितलं होतं संध्याकाळी येतो, तोवर काही बदलू नका. मला धीर निघाला नाही, व्हीएमडी बंद करून सेव्ह केलं. विंडोज उघडताना निळी स्क्रीन, इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस, म्हणजे विंडोजला स्वतःची डिस्कच सापडेना. तारीख होती १८, २० ला जीएसटीचं तीन-बी रिटर्न भरायची मुदत, सहा जणांचे रिटर्न त्या टॅलीत. हातपाय गार पडले. बॅकअप होता पण महिनाअखेरचा. देवाची कृपा की परत बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी चालू केल्यावर विंडोज जसंच्या तसं उघडलं. तर असं कुणाचं झालं तर फॉरमॅटला बसू नका, आधी सेटिंग मागे फिरवा.

रिटर्न भरून झाले, पूर्ण बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला, मग २१ ला नीट क्रमाने केलं. विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून बूटमध्ये सेफ बूटवर टिक, रीस्टार्ट, लगेच एफ२, कंट्रोल-एस, व्हीएमडी बंद. आता विंडोज सेफ मोडमध्ये उघडतं आणि स्वतःचा साधा ड्रायव्हर उचलतं. मग ती टिक काढून परत रीस्टार्ट, झालं. यात दोन ठिकाणी लोक अडकतात, मीही अडकलो. एक, सेफ मोडमध्ये माझा पिन चालला नाही, अकाउंटचा पूर्ण पासवर्ड लागला, तो आधी आठवून ठेवा. दुसरं म्हणजे होम एडिशन असलं तरी डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद असू शकते, माझी होती आणि मला पत्ताच नव्हता. मध्येच निळ्या पडद्यावर रिकव्हरी की मागितली, ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये मोबाईलवरून उघडली, पोरगी वाचत गेली मी टाकत गेलो. ती की आधीच कागदावर उतरवा, नाहीतर सेटिंग्जमध्ये जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा आणि डिक्रिप्ट पूर्ण होईपर्यंत थांबा. मी नंतर बंदच केलं, कारण उबंटूसाठी जागा कापताना तेही आडवं आलं असतं.

जागा कापायचं पण एक नाटक आहे. डिस्क रिकामी अडीचशे जीबी आणि विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट म्हणतं फक्त ३८ जीबी कमी करता येतील, कारण हायबरनेशनची फाईल, पेजफाईल, रिस्टोर पॉइंट अशा न हलणाऱ्या गोष्टी मध्येच बसलेल्या असतात. त्या तिन्ही तात्पुरत्या बंद केल्या, रीस्टार्ट केलं, मग १२० मिळाले. हायबरनेशन मात्र मी परत चालू केलंच नाही, त्याने फास्ट स्टार्टअप पण जातं आणि ते गेलेलं बरं, नाहीतर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि उबंटूतून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

इन्स्टॉल वीस मिनिटांत झालं. पहिल्या रीस्टार्टला सरळ विंडोज उघडलं, तेव्हा वाटलं परत फसलं, पण फक्त बायोसमध्ये बूटच्या यादीत उबंटू खाली होतं, ते वर घेतलं. परवा बायोस अपडेटनंतर झालं ते हेच. आणि एक दिवस विंडोजमध्ये रात्री दहाला घड्याळ साडेचार दाखवायला लागलं. बरोबर साडेपाच तासांचा फरक, म्हणजे उबंटू लॅपटॉपच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच आपली वेळ समजतं. उबंटूच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ (timedatectl set-local-rtc 1) ही एक ओळ टाकली, त्यानंतर आजपर्यंत त्रास नाही.

आता आठ महिन्यांनंतरचं मत. माझं मत खरंच बदललंय. हार्डवेअर चांगलं आहे, मान्य करतो. उबंटूमध्ये पोरीचं काम ८ जीबीत आरामात होतं, पंखा विंडोजपेक्षा कमी फिरतो असं आम्हा दोघांनाही वाटतं, बॅटरी मात्र अर्धा-पाऊण तास कमी टिकते. मराठी टायपिंगला मला भीती होती, पण सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड निवडला की इनस्क्रिप्टवर (मराठी अक्षरांची ठरलेली मांडणी) सरळ टाइप होतं, जोडाक्षरं व्यवस्थित. मी स्वतः आता पत्रं, कोटेशन सगळं उबंटूतच करतो, टॅलीपुरता विंडोजमध्ये जातो. व्हीएमडी बंद केल्याने विंडोज हळू झालं का असं दोघा-तिघांनी विचारलं, मला तरी काडीचा फरक जाणवला नाही.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो फक्त त्या लपवलेल्या ओळीसाठी. कंपनीला मेल केलाय की ही ओळ उघडी दाखवा, किंवा निदान मॅन्युअलमध्ये कंट्रोल-एस लिहा. दोनदा आठवण केली, उत्तर आलेलं नाही, आलं तर तो स्टार परत देईन. तोवर मी लॅपटॉपच्या खालच्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवलंय: एफ२, मेन, कंट्रोल-एस.

आणि तुमचा लॅपटॉप दुसऱ्या कंपनीचा असेल तर हीच बटणं चालतील असं धरू नका, आपल्या मॉडेलचं बघा. बॅकअप आणि ते ४८ आकडे मात्र सगळ्यांना लागतात.