प्रकाशयोजनेची कार्यशाळा: काही महिने काम केल्यानंतरचा अनुभव

कार्यशाळा संपल्या संपल्या लिहायला बसले असते तर निम्मा मजकूर मूव्हिंग हेड्सनीच (मोटरवर फिरणाऱ्या दिव्यांनीच) खाल्ला असता. त्यानंतर बरेच महिने नाटकांची प्रकाशयोजना केली, रंगीत तालमींच्या रात्री जागवल्या. नव्याची नवलाई ओसरली आहे आणि शिकवलेल्यातलं काय खरोखर हाताशी येतं, ते आता सांगता येईल.

सगळ्यात जास्त कामी आला तो तेव्हा सगळ्यात कंटाळवाणा वाटलेला सराव. रिकाम्या रंगमंचावर एक खुर्ची, तिच्यावर बसलेला माणूस आणि एकच दिवा. दिव्यापुढे लावायचं रंगीत जिलेटिन नाही, काही नाही. तोच दिवा समोरून, तिरका, बाजूने, डोक्यावरून, मागून आणि शेवटी पायाकडून लावायचा आणि दर वेळी चेहऱ्यावर काय दिसतं ते वहीत उतरवायचं. अगदी समोरून आला की चेहरा सपाट होतो, नाकाला उंचीच राहत नाही. फार वरून आला की भुवयांच्या सावलीत डोळे बुडतात, आणि डोळे दिसेनासे झाले की शेवटच्या रांगेत बसलेल्याला संवादही कमी ऐकू आल्यासारखे वाटतात. मागून लावला की चेहरा जातो, पण केस आणि खांदे मागच्या पडद्यापासून सुटे होतात. दुपारी त्याच माणसाला रुंद काठाची टोपी घातली आणि आमची निम्मी टिपणं बाद झाली! तेव्हापासून कपडेपट बघितल्याशिवाय मी दिव्यांचा आराखडा काढत नाही.

या पायावर मग मॅककँडलेस यांची पद्धत शिकवली. येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅन्ले मॅककँडलेस यांनी ती १९३० च्या दशकात मांडली: रंगमंचाचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागावर दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांवरून एकेक दिवा टाकायचा, एक उबदार छटेचा आणि एक थंड. वाचून हे कुणालाही कळतं. पण नट एका भागातून दुसऱ्यात चालत गेला आणि मधल्या दोन पावलांत त्याचा चेहरा काळवंडला, की भाग एकमेकांवर चढवायचे का आणि किती, हे एकदम डोक्यात शिरतं. आजही माझा पहिला आराखडा असाच असतो. पुढे तो मोडते, रात्रीच्या प्रवेशात एक बाजू जवळजवळ बंदच करते, पण मोडायला आधी काहीतरी उभं असावं लागतं.

गणिताचा तास छोटा होता, पण चोख. ८ मीटरवरून २६ अंशांत झोत पसरवणारा प्रोफाइल दिवा सुमारे ३.७ मीटर व्यासाचं वर्तुळ देतो आणि ३६ अंशांचा सुमारे ५.२ मीटरचं. अंतराला अर्ध्या कोनाच्या टॅनने गुणून दुप्पट करायचं, की झालं. शिडीवर चढल्यावर 'हा दिवा पुरत नाही' असं म्हणायची पाळी त्यामुळे क्वचित येते.

एलईडीबद्दल जे सांगितलं ते पुढे प्रयोगात अनुभवलं. हॅलोजन दिवा मंद करत नेला की तार थंड होत जाते आणि प्रकाश आपोआप तांबूस होतो. प्रेक्षकाच्या नजरेला ती मावळती सवयीची असते. साधा पांढरा एलईडी मंद होतो, पण छटा तीच ठेवतो. त्यात दिव्याला हुकूम नेणाऱ्या ८ बिटांच्या चॅनेलवर तेजाच्या पायऱ्या २५६ च. शेवटच्या दहा टक्क्यांत उरतात जेमतेम पंचवीस, आणि तेवढ्यासाठी ३० सेकंदांचा फेड (हळूहळू मंद होत जाणं) दिला तर सेकंदाहून जास्त वेळाने एकेक पायरी उतरते. उपकरण आतून ते मऊ करत नसेल तर शोकप्रसंगात दिवा चक्क उचक्या देतो. १६ बिटांचा, म्हणजे कितीतरी बारीक पायऱ्यांचा, मोड आहे का, हे आता मी उपकरणांच्या यादीतच बघून घेते.

डीएमएक्सच्या, म्हणजे कन्सोलकडून (नियंत्रण-फलकाकडून) दिव्यांना हुकूम नेणाऱ्या संकेतपद्धतीच्या, जोडणीवरही चांगला वेळ दिला होता. १९८६ सालचं हे मानक अजून राबतंय. एका ओळीत ५१२ चॅनेल, टोकाला १२० ओहमचा टर्मिनेटर (संकेत परत उसळू न देणारा रोध), आणि माइकची केबल जोडायची नाही, भले ती खोबणीत चपखल बसो. मध्यंतरी एका तालमीत शेवटचे दोन दिवे मनाला येईल तसे लुकलुकायला लागले. सगळे कन्सोलला दोष देत होते. टर्मिनेटर लावला आणि दिवे गुमान बसले.

आणखी एक सवय तिथे लागली: क्यू (प्रकाश बदलायचा हुकूम) कुठे पडणार ते नेमकं लिहायचं. 'ती बसते' असं लिहिलं तर हुकूम उशिरा जातो. 'ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवते' असं लिहिलं की ती बसेपर्यंत प्रकाश जागेवर पोचलेला असतो.

आता तक्रारी. संगणकावरच्या आभासी रंगमंचाला एक अख्खा दिवस दिला, तो मला अवाजवी वाटला. पडद्यावर प्रत्येक झोत धुरातून आल्यासारखा देखणा दिसतो आणि खऱ्या चेहऱ्याचं काय होणार याचा पत्ता लागत नाही. कन्सोल एक आणि भोवती घोळका, त्यामुळे ज्यांना आधीपासून येत होतं त्यांचेच हात चालले. संहिता वाचून दिग्दर्शकाशी काय बोलायचं, त्याने 'जरा उदास कर' म्हटल्यावर उलट काय विचारायचं, यावर कुणी चकार शब्द काढला नाही, आणि रोजचं घोडं तिथेच अडतं. विजेचा भार, सेफ्टी चेन, शिडीवरचं काम हे सगळं शेवटच्या दिवशी घाईघाईत उरकलं. त्याबद्दल मात्र मी आयोजकांना माफ करणार नाही. डोक्यावर टांगलेल्या वस्तूंचा धडा पहिल्या दिवशी हवा, निरोपाच्या चहाच्या आधी नव्हे.

अशा कार्यशाळेला नाव नोंदवणार असाल तर आयोजकांना तीन गोष्टी विचारा. एका कन्सोलमागे किती जण असतील? सरावाला जिवंत नट असतो की पुतळा? आणि शिडीवर चढून फोकस (दिव्याची दिशा आणि झोत जुळवणं) तुम्ही स्वतः करणार, की खाली उभं राहून बघणार? तिसऱ्या प्रश्नावर उत्तर गुळमुळीत आलं तर मी तरी पैसे भरणार नाही.