जांभळी नाक्यावर कैरी फोडून घ्यायची तर

मे संपत आला की ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात कैरीच्या ढिगांशेजारी मोठे अडकित्ते मांडले जातात. मृगाचा पाऊस लागेपर्यंतच हा धंदा. फोडायचे पैसे किलोवर. कैरी अडकित्तेवाल्यांकडूनच घेतली तर कमी, घरून आणली तर थोडे जास्त, आणि काही जण घरची कैरी हातातही घेत नाहीत.

किलोभर लोणच्यासाठी ही यातायात नको, घरची विळी पुरे. पण वर्षाचं, चार-पाच किलोचं लोणचं घालणाऱ्या घरांनी जरूर फोडून घ्यावी. लोणच्याची कैरी बाठ धरलेली, म्हणजे कोयीभोवतीचं कवच कडक झालेली हवी आणि असा बाठा घरच्या विळीवर सरळ चिरत नाही, हात मात्र कापतो. अडकित्त्याचं पातं वजनदार असतं. देठाकडून कैरी सरकवून एकदा दांडा दाबला की आतल्या कोयीसकट दोन स्वच्छ भाग. मग प्रत्येक फोडीला बाठ्याचा कडक तुकडा राहतो आणि त्यानेच फोड वर्षभर करकरीत राहते. पातं बोथट असेल तर बाठ्याच्या कपच्या उडतात, त्या पुढे मुलांच्या घशाशी लागतात. म्हणून ढिगाकडे बघण्याआधी पाटावर बघा. कपच्यांचा खच दिसला तर पुढच्या अडकित्त्याकडे चला.

खरी अडचण पाण्याची आहे. बहुतेक ठिकाणी कैरी न धुताच फोडतात, नाहीतर सकाळपासून भरून ठेवलेल्या बादलीत बुचकळून ओलीच पात्याखाली धरतात. दोन्ही वाईट. फोडी घरी नेऊन धुतल्या की कापलेल्या बाजूत पाणी मुरतं आणि आषाढात बरणीत बुरशी दिसते. दोष मात्र मिठाला नाहीतर मोहरीला दिला जातो. उपाय थोडा कटकटीचा आहे, पण तोच चालतो. कैरी आदल्या संध्याकाळी घ्या, तासभर पाण्यात ठेवून देठाचा चीक काढा, पुसून रात्रभर पंख्याखाली पसरा आणि सकाळी कापडी पिशवीतून फोडायला न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत तिला घाम सुटतो. सोबत एक कोरडं फडकं असू द्या. "मावशी, आधी पातं पुसा" म्हटलं तर कुणी रागावत नाही. लोखंडावर आधीच्या कैरीचा आंबट रस राहिला की फोडींवर काळे डाग पडतात.

कैरी गावठी रायवळ, घट्ट आणि आंबट निवडा. तोतापुरीला आंबटपणा कमी, ती तिखटमीठ लावून खायला ठीक. राजापुरी गराला भरपूर, पण ती किसून साखरआंब्याला जास्त शोभते. कापल्यावर आत पिवळसर झाक दिसली तर ती कैरी बाजूला काढायला सांगा. पाडाला लागलेली एक कैरीसुद्धा मऊ पडून खार गढूळ करते.

घरी आल्यावर मुलांना कामाला लावा. कोय काढायची आणि बाठ्याला आतून चिकटलेला पातळ पापुद्रा नखाने सोलायचा. हे काम अडकित्तेवाले अर्धवटच करतात आणि राहिलेला पापुद्रा तुरट लागतो. त्यानंतर फोडींचं वजन करा. चार किलो कैरीच्या साधारण तीन किलो फोडी होतात. मसाला चार किलोचा घातला की लोणचं खारट. किलोभर फोडींना २०० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम मोहरीची डाळ, ७५ ग्रॅम तिखट, दोन चमचे हळद, चमचाभर तळून कुटलेली मेथी, १० ग्रॅम हिंग आणि ३०० मिली तेल. मीठ-हळद लावून फोडी चार तास ठेवा आणि सुटलेलं पाणी टाकू नका, तोच खार. फोडणी पूर्ण गार झाल्याशिवाय ओतायची नाही. गरम तेलाने फोड शिजते, तिखट काळवंडतं. बरणीच्या तळाला आणि वर मूठभर मीठ घालून तोंडाला कापडाचा दादरा बांधा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोरड्या डावाने फोडी दाबून बघा. तेल बोटभर वर आलं नसेल तर आणखी तापवून, गार करून ओता. मीठ कमी घालून 'पौष्टिक' लोणचं करायचं असेल तर ते फ्रिजमध्ये ठेवून महिन्याभरात संपवावं, वर्षाच्या बरणीत तो प्रयोग नको.

महिन्याभरात लोणचं मुरतं, तेव्हा श्रावण जवळ आलेला असतो आणि भाज्या महागलेल्या असतात. मऊ भात, मेतकूट आणि वरून चमचाभर खार. आठवड्यापुरतं लहान सटात काढून ठेवा, मोठी बरणी रोज उघडू नका.

जांभळी नाक्याच्या अडकित्तेवाल्यांना पाचपैकी साडेतीन गुण. अर्धा गुण बादलीच्या पाण्याने घालवला, एक पापुद्र्याने. स्टेशनवरून चालतच जा, गाडी लावायला जागा मिळत नाही. आणि रविवार टाळा. त्या दिवशी रांग मोठी असते, मग मध्यम फोडी सांगितल्या तरी घाईत मोठ्याच पडतात आणि आतपर्यंत मुरायला त्यांना दिवाळी उजाडते.