सहा रविवार आणि प्लास्टरचा एक हात : संगणकीय अ‍ॅनिमेशनच्या आरंभकाळावरील नाशिकचा अभ्यासवर्ग

गेल्या पावसाळ्यात गंगापूर रोडवरील एका लहान खासगी संस्थेने संगणकीय अ‍ॅनिमेशनच्या आरंभकाळावर सहा रविवारांचा मराठी अभ्यासवर्ग घेतला. शुल्क १,८०० रुपये होते, दर रविवारी दुपारी तीन तास वर्ग चाले, आणि आम्ही एकूण चौदा जण होतो. मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. ‘बाई, अ‍ॅनिमेशनला जाऊ का?’ असे नववी-दहावीची मुले दरवर्षी विचारतात, आणि त्यांना उत्तर देताना या विद्येचे मूळच आपल्याला नीट ठाऊक नाही, ही रुखरुख मला बरीच वर्षे होती. म्हणून मी नाव नोंदवले. शहरात अ‍ॅनिमेशनचे वर्ग पुष्कळ आहेत, पण मी चौकशी केली त्या ठिकाणी पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअर उघडून बटणे दाखवली जातात. येथे पाचव्या रविवारपर्यंत आमच्या हाती फक्त पेन्सिल, आलेख कागद, फूटपट्टी आणि गुण्या होत्या. या विद्येच्या पहिल्या माणसांनी जे काम हाताने केले, ते विद्यार्थ्यांकडूनही हातानेच करून घ्यायचे, ही या वर्गाची रीत आहे, आणि माझ्या मते वर्गाचे सगळे मोल त्या रीतीत आहे.

पहिला रविवार अमेरिकेतील चित्रपटकार जॉन व्हिटनी आणि संगणकतज्ज्ञ आयव्हन सदरलँड यांचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर भंगारात निघालेले, विमानविरोधी तोफांचा नेम साधणारे एम-५ हे यांत्रिक गणनयंत्र व्हिटनी यांनी मिळवले आणि त्याच्या दातेरी चाकांना कॅमेऱ्याच्या व चित्रांच्या हालचालीला जुंपले. १९६० मध्ये त्यांनी मोशन ग्राफिक्स नावाची कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी या यंत्रावर साधलेल्या परिणामांचा ‘कॅटलॉग’ हा लघुपट तयार केला. सदरलँड यांचे ‘स्केचपॅड’ १९६३ चे. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेघ ओढायची, आणि मग या दोन रेघा समांतर कर, या दोन समान कर, अशी अट संगणकाला घालायची. हाताने वेडीवाकडी काढलेली आकृती अटींप्रमाणे स्वतःला सरळ करून घेई. मूळ आकृती बदलली की तिच्या सर्व प्रती आपोआप बदलत. भूमितीच्या वहीत शिक्षक जे लाल पेनाने करतात ते यंत्राने करावे, ही कल्पना मला इतक्या स्पष्टपणे आधी कोणी सांगितली नव्हती.

दुसऱ्या रविवारी अमेरिकेतील टेलिफोन कंपनीची बेल ही संशोधन प्रयोगशाळा आली. तेथे एडवर्ड झॅजॅक यांनी १९६३ च्या सुमारास, पृथ्वीभोवती फिरणारा उपग्रह आपले तोंड पृथ्वीकडे कसे ठेवतो हे दाखवणारी फिल्म संगणकाकडून काढून घेतली. उपग्रहाच्या जागी एक साधी पेटी आहे, पण तिचा प्रत्येक हेलकावा गणिताने आलेला आहे. त्याच ठिकाणी केन नोल्टन यांनी ‘बेफ्लिक्स’ ही खास अ‍ॅनिमेशनसाठीची संगणकभाषा रचली. तिची चौकट २५२ आडव्या आणि १८४ उभ्या घरांची, आणि घरात भरायला करड्या रंगाच्या फक्त आठ छटा. शिकवणाऱ्या सरांनी आम्हाला गुणाकार करायला लावला : एका चित्रात ४६,३६८ घरे, आणि सेकंदाला २४ चित्रे धरली तर एका सेकंदासाठी ११,१२,८३२ घरे. नंतर आलेख कागदाचा एक छोटा तुकडा आठ छटांच्या पेन्सिलींनी भरायला दिला. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बायकांना हे काम अवघड गेले नाही, पण दुसरे चित्र पहिल्यापेक्षा एका घराने सरकवताना सगळ्यांचीच दमछाक झाली, आणि हे काम यंत्राकडे सोपवावे असे कोणाला का वाटले असेल ते सांगायची गरज उरली नाही.

याच दिवशी मॉस्कोची मांजर दाखवली गेली, आणि येथे माझी पहिली तक्रार आहे. निकोलाय कॉन्स्टँटिनोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये बेसम-४ या संगणकावर चालत्या मांजरीची हालचाल अवकल समीकरणांनी बसवली. प्रत्येक चित्र प्रिंटरने अक्षराअक्षरांनी कागदावर छापले गेले आणि ते कागद फिल्मवर उतरवले गेले. पाऊल टाकणे, मान वळवणे, अंगाचा तोल या गोष्टी चित्रकाराच्या नजरेने न काढता समीकरणातून काढण्याचा हा इतका जुना प्रयत्न मी प्रथमच पाहत होते. पण खोलीला पडदे नाहीत, पश्चिमेकडून ऊन थेट भिंतीवर येते, आणि करड्या अक्षरांची ती मांजर आम्हाला जेमतेम दिसली. सहा आठवड्यांत जाड कापड लावणे आयोजकांना अशक्य नव्हते.

तिसरा रविवार मला सर्वांत जास्त शिकवून गेला. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये मुख्य चित्रकार महत्त्वाच्या मोजक्या अवस्था काढतो, त्यांना की-फ्रेम म्हणतात, आणि मधली चित्रे सहायक भरतात. हे मधले काम संगणकाने करावे, हा विचार कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधील नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी प्रत्यक्षात आणला, आणि त्यांच्या पद्धतीने पीटर फोल्डेस यांनी १९७४ मध्ये ‘हंगर’ हा लघुपट केला, ज्याला कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक आणि ऑस्करचे नामांकन मिळाले. आम्हाला मात्र लघुपटाआधी एक कागद मिळाला. डावीकडे हात वर केलेला माणूस, उजवीकडे तोच हात आडवा केलेला माणूस. प्रत्येक बिंदू त्याच्या जोडीदाराला सरळ रेघेने जोडायचा आणि रेघेचा मध्य घेऊन मधले चित्र काढायचे. खांद्यापासून बोटापर्यंत दहा सेंटीमीटर असलेला हात मधल्या चित्रात सात सेंटीमीटरच भरला. सगळ्यांनी पुन्हा मोजले, उत्तर तेच आले. हात वर्तुळाच्या कमानीवरून फिरतो आणि आम्ही बिंदू सरळ रेघेने नेला होता, म्हणून तो वाटेत आखडला. बर्टनिक आणि वाइन यांनी पुढे आकृतीला आतून सांगाडा देऊन हालचाल सुधारण्याची पद्धत १९७६ मध्ये मांडली, ती नेमकी कोणत्या अडचणीपायी, हे आमच्या डोळ्यांसमोर कागदावरच होते. मी हा कागद आता माझ्या दहावीच्या वर्गात वापरते.

चौथा आणि पाचवा रविवार अमेरिकेतील युटा विद्यापीठाचा. १९७२ मध्ये एड कॅटमल आणि फ्रेड पार्क या विद्यार्थ्यांनी केलेल्या छोट्या फिल्ममध्ये कॅटमल यांचाच डावा हात वळतो, बोटे मिटतो. त्यासाठी त्यांनी हाताचा प्लास्टरचा साचा घेतला, प्रतिकृतीवर शाईने सुमारे ३५० त्रिकोण आणि बहुभुज आखले, आणि त्यांचे कोपरे मोजून संगणकात भरले. आमच्या वर्गात पंचवटीतील मूर्तिकाराकडून आणलेले प्लास्टर होते आणि चार टेबलांवर चार हात ओतले गेले. आमच्या टेबलावरच्या हातावर ६२ त्रिकोण बसले. प्रत्येक कोपऱ्यासाठी तीन मापे घ्यायची : टेबलाच्या एका कडेपासून, दुसऱ्या कडेपासून, आणि गुण्या उभी धरून उंची. एकीने माप वाचायचे, दुसऱ्याने लिहायचे, तिसऱ्याने तपासायचे. पाचव्या रविवारी ते आकडे संगणकात भरले तेव्हा हात पडद्यावर उभा राहिला, पण करंगळीशेजारच्या बोटातून एक टोक काट्यासारखे बाहेर आले होते. सरांनी ते स्वतः दुरुस्त केले नाही. आमचीच यादी आमच्यासमोर ठेवली. अर्ध्या तासाने सापडले : ४७ मिलिमीटरच्या जागी ७४ लिहिले गेले होते. ती चूक सुधारली आणि बोट सरळ झाले, तेव्हा आमच्या टेबलावरच्या सत्तरीच्या काकांनी आपला हात पडद्यापुढे धरून मिटून पाहिला.

छायाप्रकाशाचा भागही तितकाच चांगला झाला. सरांनी भांडी बाजारातून आणलेला घासलेला तांब्या दिव्यासमोर ठेवला आणि त्याच्या पोटावरची चमक कोठे आहे ते पाहायला सांगितले. आंरी गुरो यांनी १९७१ मध्ये सुचवलेल्या पद्धतीत प्रत्येक त्रिकोणाच्या कोपऱ्यांवरचा प्रकाश काढून मधले रंग मिसळत न्यायचे असतात. त्यामुळे कोपरे बोचत नाहीत, पण चमक त्रिकोणाच्या मध्यावर पडली तर ती हरवते. व्हिएतनामहून आलेले बुई तुओंग फाँग यांनी १९७३ च्या आपल्या प्रबंधात रंगांऐवजी पृष्ठभागाच्या लंबाची दिशा, म्हणजे पृष्ठभागाचे तोंड कोणीकडे आहे ते, कोपऱ्यांमधून मिसळत नेली आणि प्रकाशाचा हिशेब प्रत्येक बिंदूवर नव्याने केला, म्हणून तांब्यावरची ती चमक जागेवर राहते. फाँग १९७५ मध्येच, अगदी तरुण वयात गेले. प्लास्टिकच्या, धातूच्या, ओल्या ओठांच्या ज्या चमकेकडे आपण आज सहज पाहतो, तिच्यामागे या माणसाचे काम आहे, आणि त्याचे नाव नाशिकमध्ये मराठीतून उच्चारलेले ऐकून मला खरोखर भरून आले.

मार्टिन न्यूएल यांची १९७५ ची चहाची किटली मात्र घाईत उरकली. त्यांनी घरातली खरी किटली समोर ठेवून आलेख कागदावर रेखाटली आणि वक्रांचे नियंत्रणबिंदू, म्हणजे वक्राचा आकार ठरवणारे बिंदू, संगणकात भरले. झाकण, कान, तोटी असलेला हा आकार पुढे जगभरच्या प्रयोगांत नमुना म्हणून वापरला गेला, आणि मूळ किटली आज कॅलिफोर्नियाच्या संगणक इतिहास संग्रहालयात आहे. चित्रकलेच्या शिक्षिकेला वस्तुचित्रणाचा याहून चांगला धडा मिळाला नसता, आणि त्याला वीस मिनिटेच मिळाली.

सहावा रविवार सर्वांत कमकुवत. लॉरेन कार्पेंटर यांचे १९८० चे फ्रॅक्टल (लहान भागातही तोच खडबडीतपणा पुन्हा पुन्हा दिसणारे) डोंगर, १९८२ चा ‘ट्रॉन’ हा चित्रपट, न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून लुकासफिल्म या चित्रपट कंपनीत गेलेला कॅटमल आणि अ‍ॅल्वी रे स्मिथ यांचा गट, १९८६ मध्ये त्यातून स्वतंत्र झालेली पिक्सार ही कंपनी, त्याच वर्षीचा टेबलावरच्या दिव्यांचा लघुपट, आणि १९९५ मधला संपूर्ण संगणकावर घडलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, हे सर्व तीन तासांत कोंबले होते. हाताने करण्याजोगे काहीच नव्हते, म्हणून तो दिवस नावांची आणि वर्षांची यादी होऊन बसला. बेल प्रयोगशाळेत नोल्टन यांच्याबरोबर काम करणाऱ्या लिलियन श्वार्ट्झ आणि न्यूयॉर्कच्या त्याच गटातील रिबेका अ‍ॅलन यांचा उल्लेखच झाला नाही. चौदांपैकी आठ विद्यार्थिनी असलेल्या वर्गात ही उणीव मला फार खटकली आणि मी ती लेखी कळवली आहे.

दुसरी मोठी उणीव आपल्या गावाची. दादासाहेब फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० चा. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी आपला कारखाना नाशिकला आणला, आणि पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. वाटाण्याच्या अंकुराची वाढ त्यांनी फ्रेमफ्रेमने टिपली होती, आणि आगकाड्यांना हलवून हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली होती. एक वस्तू किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची : बेफ्लिक्सच्या घरांनी जे केले त्याची रीत या मातीत अर्धशतक आधी कोणीतरी हाताने करून पाहिली होती, आणि आमच्या वर्गात तिला एक वाक्य मिळाले. पहिला रविवार आगकाड्यांनी सुरू झाला असता, तर आलेख कागदापर्यंतची वाट अधिक सरळ झाली असती.

वर्गाबरोबर मिळणारी चाळीस पानांची पुस्तिका वाचनीय आहे. मराठी परिभाषा सांभाळून वापरली आहे. निर्देशक, शिरोबिंदू, लंब हे शाळेतलेच शब्द आहेत आणि की-फ्रेमसारखे रुळलेले शब्द तसेच ठेवले आहेत. परंतु स्केचपॅडचे वर्ष एका पानावर १९६३ आणि दुसऱ्यावर १९६८ छापले आहे. १९६८ हे सदरलँड यांच्या डोक्यावर बसवायच्या पडद्याचे वर्ष. चूक दाखवल्यावर आयोजकांनी पुढच्याच रविवारी सर्व प्रतींत हाताने दुरुस्ती करून दिली.

या वर्गाला मी पाचपैकी चार तारे देईन. चौथ्या आणि पाचव्या रविवारसाठीच पाचही दिले असते. नववीच्या पुढच्या मुलांना पाठवायला हरकत नाही, त्याहून लहान मुले मापे घेताना कंटाळतील. पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे. वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरतो आणि लिफ्ट नाही, हे ज्येष्ठांनी लक्षात घ्यावे. आपली फूटपट्टी आणि गुण्यांची जोडी घरून न्यावी, कारण तेथे चार टेबलांत मिळून दोनच जोड्या आहेत आणि उंची मोजायला गुण्या सगळ्यांना एकाच वेळी लागते.